ओळ ४१८

१

छोटीने कबुलीजबाबावर सही करताना आधी तारीख घातली, मग नाव लिहिलं.

बावीस वर्षं मी या कंपनीचं दप्तर सांभाळतो आहे; सगळे मला दप्तरच म्हणतात, छोटी तेवढी मामा. सह्या बघण्यातच माझा जन्म गेला. आधी नाव लिहिणाऱ्याचं लक्ष स्वतःकडे असतं, आधी तारीख घालणाऱ्याचं समोरच्याकडे. छोटीच्या समोर तिचा काका बसला होता.

काका म्हणजे आमचे संचालक. बाकी आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. छोटी त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. ती आठवीत असताना भाऊ गेला आणि तेव्हापासून तिचा चष्मा, तिची सायकल, तिचं कॉलेज आणि शेवटी तिची नोकरी, सगळं काकांनी पाहिलं. पाहिल्याचं ते अधूनमधून चारचौघांत सांगतही.

आमची कंपनी सिरिंज पंप बनवते. चपलांच्या खोक्याएवढं यंत्र, रुग्णाच्या शिरेत औषध थेंबाथेंबाने सोडणारं. सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी अशाच एका यंत्राने सहा तासांचं औषध बावीस मिनिटांत सोडलं. खाटेवर एक शिंपी होता, वय एकसष्ट, ऑपरेशन साधं. त्याची बायको खाली औषधांच्या रांगेत उभी होती. ती वर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

यंत्र जे जे करतं त्याची नोंद स्वतःच ठेवतं. त्या बावीस मिनिटांत त्याने अठरा वेळा एकच गोष्ट लिहिली होती: "तपास वगळला, ओळ ४१८." म्हणजे आमच्या कोडमधल्या ४१८व्या ओळीवरचा तपास यंत्राने केलाच नाही, ओलांडून पुढे गेलं. कोडच्या कोणत्या ओळीला शेवटचा हात कोणी लावला हे संगणक विसरत नाही. ४१८ पुढे छोटीचं नाव होतं.

"मामा, हे फाइलला लावा," छोटी म्हणाली. कागद देताना तिने तो दोन्ही हातांनी दिला.

"पोरी, सही करायची एवढी घाई..."

"ओळ माझी आहे, मामा. माणूस माझ्यामुळे गेला. घाई काय आणि उशीर काय?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी आहे ना तिच्या पाठीशी. वकील चांगला देईन."

शुक्रवारी चार वाजता परवाना मंडळाकडे अहवाल जायचा होता. त्यात तिचं नाव गेलं की ती या धंद्यातून कायमची बाद, वर फौजदारी. तिला त्याचंही काही वाटत नव्हतं. एक माणूस आपण मारला, हे तिने मान्य करून टाकलं होतं. वय वर्षं तेवीस.

मी कागदांना भोकं पाडली. कबुलीजबाब एक पान, कोडचं एक पान, यंत्राच्या नोंदींचं एक पान. माझा हात थांबला. पंपाच्या दिवसभराच्या नोंदी मी शेकड्यांनी फाइलला लावल्या आहेत. एका पानात मावलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या.

थांबलेला हात मी पुन्हा चालू केला. आमच्या धंद्यात तो चालूच राहिलेला बरा.

२

बुधवारी मंडळाने एक बाई पाठवल्या. साठी उलटलेली, अंगकाठी छडीसारखी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत चष्म्याची दोन घरं आणि एक लाकडी फूटपट्टी. ज्या भाषेत आमचा पंप लिहिला आहे, त्या भाषेचा नियमग्रंथ बनवणाऱ्या समितीवर त्या वीस वर्षं होत्या. या ग्रंथाला सगळे नुसतं स्टँडर्ड म्हणतात.

"बाई, प्रकरण अगदी सरळ आहे," सर म्हणाले.

"सरळ प्रकरणाला मंडळ मला पाठवत नाही. मला बघून लोकांचा दिवस खराब होतो, हे त्यांनाही ठाऊक आहे."

सरांनी माझी फाइल पुढे केली. बाईंनी कोडच्या पानावर फूटपट्टी ठेवली. एकेक ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची. असं वाचताना मी फक्त माझ्या आजोबांना पाहिलं होतं.

"हे पान ४१६पासून सुरू होतंय."

"संबंधित भाग तेवढाच आहे."

"आणि या नोंदी दुपारी तीन-दहापासून. सकाळपासून यंत्र मुकं होतं का?"

"सकाळपासून ठीक चालत होतं. ठीक चालण्यात बघायचं काय?" सर हसले. सरांचं हसू छान आहे, त्यावर कंपनी उभी आहे. "बाई, माझ्या घरातली मुलगी आहे ती. माझ्या हातांनी तिला पुढे करताना मला काय होत असेल, विचार करा."

"करते," बाई म्हणाल्या. "हे पंपात भरलेलं बिल्ड कुठल्या कंपायलरने केलंय? जुन्या की नव्या?"

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राला कळेल असा करून देणारा प्रोग्राम; तो जे करून देतो ते बिल्ड. आमच्याकडे जुना होता. दोन वर्षांपूर्वी मंडळाने नवा सक्तीचा केला. हा प्रश्न माझ्या खात्याचा होता, म्हणून मी अभिमानाने नोंदवही उघडली. तारीख, पंपांचे क्रमांक, "नवा कंपायलर", आणि खाली "समक्ष पाहिले", माझी सही. बावीस वर्षांत एक रकाना रिकामा नाही.

बाईंनी माझी सही बराच वेळ पाहिली. "वळणदार आहे. तुम्ही समोर उभे होता?"

"सही आहे ना बाई माझी."

"मी सहीचं नाही विचारलं."

३

बिल्ड ज्या खोलीत होतं ती तळघरात आहे. तिथल्या माणसाला आम्ही भट्टी म्हणतो, कारण वरून आलेलं सगळं तो भाजून पुढे पाठवतो. पुढचे दोन दात पडलेला, चेष्टेखोर, आणि सरांना सख्ख्या भावापेक्षा जास्त भिणारा माणूस.

जिना उतरताना बाईंनी विचारलं, "तुम्हाला कोड येतो?"

"मला भोकं पाडता येतात."

"मग ऐका. भाजी शिजवणारा वेगळा आणि निवडून चिरून देणारा वेगळा असतो ना? कंपायलर शिजवतो. त्याच्या आधी निवडून देणारा असतो तो प्रीप्रोसेसर. तुमची मुलं नुसता 'तपास' एवढा शब्द लिहितात आणि पुढे कंसात काय तपासायचं ते सांगतात. प्रीप्रोसेसर त्या शब्दाच्या जागी दहा ओळींचा तयार मजकूर घालतो आणि त्यात ओळीचा आकडाही स्वतःच भरतो. तोच आकडा मग यंत्र छापतं."

"माणसाचा हातच नाही? मग आकडा चुकायचा प्रश्नच नाही."

"चुकलेल्या आकड्याला मी कधीच भीत नाही," बाई म्हणाल्या. "बरोबर आकड्याला भिते."

भट्टीच्या खोलीत दोन संगणक होते. जुन्याच्या कळांवरची अक्षरं झिजून गेलेली, आणि डोक्यावर भट्टीचा डबा ऊब लागावी म्हणून ठेवलेला. नवा कोपऱ्यात टेबलावर. बाई त्याच्याजवळ गेल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

"नवा कसा आहे?"

"फार बोलतो हो," भट्टी म्हणाला. "पहिल्याच दिवशी दोनशे बारा इशारे दिलेन. हे असं का लिहिलंय, ते तसं का लिहिलंय. बायको परवडली!"

"मग इशारे कोणी निस्तरले?"

भट्टीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"ते... सर म्हणाले, बघू."

"बघितलं का?"

"मी खालचा माणूस आहे बाई. वरून येतं ते भाजतो."

बाईंनी नव्या संगणकाच्या पडद्यावरून बोट फिरवलं. कारखान्यातून येताना पडद्यावर चिकटवलेलं पातळ प्लास्टिक अजून तसंच होतं. एक कोपरा सुटून गुंडाळला गेला होता. बोटाला धूळ आली. बाईंनी ती मला दाखवली आणि रुमालाला पुसली.

"तुमच्या नोंदवहीप्रमाणे," त्या म्हणाल्या, "या यंत्रावर दोन वर्षांत एकशे चाळीस बिल्डं झाली."

४

छोटी वरच्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत बसली होती. तिचा संगणक काढून घेतला होता. टेबलावर त्याचा धुळीचा चौकोन उरला होता.

"बाई, मला सोडवायला आला असाल तर नको," ती म्हणाली. "त्या शिंप्याच्या बायकोने आमच्या ऑफिसला फोन केला होता. तिने फक्त यंत्राचा नंबर विचारला. मी सांगितला. नंतर तिने विचारलं, तुम्ही कोण बोलताय."

"काय सांगितलंस?"

"फोन ठेवला."

बाईंनी खुर्ची ओढली. पिशवीतून कोडची पूर्ण प्रत काढली, मंडळाकडे असते ती. फूटपट्टी ४१०वर ठेवली. "वाच. मला डोळ्यांचा त्रास आहे."

डोळे त्यांचे माझ्यापेक्षा चांगले होते.

छोटी वाचू लागली. ४११व्या ओळीवर एक तपास सुरू होत होता, औषधाच्या मर्यादेचा. तो काकांनी लिहिलेला. सात-आठ ओळी लांब, आणि त्याचा कंस ४१८वर मिटत होता. त्याच ४१८वर, मिटलेल्या कंसाला अगदी खेटून, छोटीचा तपास सुरू होत होता, मोटरच्या फेऱ्यांचा. त्याचा कंस ४२३वर मिटत होता.

"एकाचं शेपूट आणि दुसऱ्याचं तोंड एकाच ओळीत? असं कोण लिहितं?"

"आम्ही सगळे," छोटी म्हणाली. "काकांचा साठ ओळींचा नियम आहे. कुठलंही काम साठ ओळींच्या वर लांबलं की ते परत पाठवतात. म्हणतात, लांब लिहितो त्याला विचार करता येत नाही. माझ्या एकसष्ट होत होत्या. म्हणून मी माझी सुरुवात वरच्या ओळीत ओढून घेतली."

"शाबासकी मिळाली असेल."

"'आता कशी मुलगी शहाण्यासारखं लिहायला लागली' म्हणाले."

"हे तपास केव्हा वगळले जातात?"

"काकांचा, सेन्सरने वेळेत उत्तर दिलं नाही तर. तेव्हा यंत्र नोंद करतं आणि पुढचं काही न बघता थेट नवी फेरी सुरू करतं. माझा, सिरिंज बदलायला झाकण उघडलं असेल तर, तेवढ्यापुरता. काका म्हणतात, झाकण बंद असताना माझ्या तपासाला ते उघडं वाटलं. अट मीच लिहिली. चुकलीच असणार."

"असणार? तपासून पाहिलीस?"

"रात्रंदिवस. सापडत नाही." तिने चष्मा काढून पुसला. "काका म्हणाले, स्वतःची चूक स्वतःला सापडत नसते."

बाई उठल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "तुझे काका कोड लिहायला कधीपासून लागले?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून. जुना कंपायलर या ऑफिसात त्यांनीच बसवला. त्याचं पुस्तक पाठ आहे त्यांना."

बाईंनी मान हलवली. नको ती बातमी ऐकल्यावर माणूस हलवतो तशी.

५

गुरुवारी आम्ही वॉर्डमध्ये गेलो. मुख्य सिस्टर ठेंगण्या, आवाज चढा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पंपाचं नाव काढल्याबरोबर त्या पेटल्या.

"तुमच्या कंपनीचा माणूस मंगळवारी येऊन यंत्र घेऊन गेला. मला म्हणतो, सिस्टर, झाकण कोणी उघडलं होतं का. मी म्हटलं, सकाळी आठला मी माझ्या हाताने बंद केलं, त्यानंतर कोणाची टाप नाही. माझ्या वॉर्डात माझ्या परवानगीशिवाय खिडकी उघडत नाही, झाकण काय घेऊन बसलात!"

"यंत्र गेलं. मग नोंदी सगळ्या कंपनीकडेच?" बाईंनी विचारलं.

"नोंदी कशा जातील? हे यंत्र दुकानातल्या पावतीसारखी पट्टी सोडतं ना. ती मी रोज फाडून रुग्णाच्या कागदांना डकवते. दुसऱ्या वॉर्डात टाकून देतात. मला टाकवत नाही. माणूस गेल्यावर सगळे विचारायला येतात, तेव्हा कागदच बोलतो."

मला त्या सिस्टरला नमस्कार करावासा वाटला. आमच्याच जातकुळीतली. फक्त ती ज्यावर हात ठेवत होती ते तिने पाहिलेलं होतं.

पट्टी हातभर लांब होती. खालच्या बाजूला तेच, अठरा वेळा: तपास वगळला, ओळ ४१८. मध्ये नुसते वेळ आणि थेंबांचे आकडे. आणि अगदी वर, सकाळी आठ वाजून पाच मिनिटं, यंत्र चालू केल्याबरोबरची नोंद: "स्वतपासणी पूर्ण, ओळ ३७."

बाईंनी पिशवीतून कोड काढला, पहिलं पान उघडलं, फूटपट्टी लावली. त्यांचा चेहरा मी बघत होतो. शोध लागलेल्या माणसाच्या तोंडावर काही उजेड-बिजेड पडत असेल अशी माझी समजूत होती. बाई एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"काय झालं?"

"सिस्टर, थोडं पाणी मिळेल?" त्या खाली बसल्या. "दप्तर, मला उद्या तीन वाजता सगळे एका टेबलाशी हवेत. मुलगीसुद्धा. आणि तुमची ती वळणदार नोंदवही."

६

शुक्रवारी तीन वाजता बैठकीच्या खोलीत पाच जण होतो. सर टेबलाच्या टोकाला, छोटी त्यांच्या उजव्या हाताला, भट्टी दाराजवळ, मी नोंदवही मांडीवर घेऊन. बाई उभ्या होत्या.

"सर," त्या म्हणाल्या, "दहा पायऱ्यांचा जिना. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दहावीवर उचलला. मी कुठल्या पायरीवर होते?"

"बाई, चारला अहवाल पाठवायचा आहे."

"म्हणूनच भराभर सांगते. एक तपास ४११वर उघडतो आणि ४१८वर मिटतो. मधे सहा ओळी आहेत. प्रीप्रोसेसरने आकडा कुठला भरायचा? स्टँडर्ड म्हणतं, चालू ओळीचा. आठ ओळींवर पसरलेल्या मजकुराची चालू ओळ कुठली, ते म्हणत नाही. म्हणून काही कंपायलर उघडणाऱ्या ओळीचा आकडा भरतात, काही मिटणाऱ्या ओळीचा. नवा कंपायलर उघडणाऱ्या ओळीचा भरतो. जुना मिटणाऱ्या ओळीचा. दोघंही नियमाप्रमाणे."

छोटीचा चष्मा वर आला.

"नव्याने बिल्ड केलं असेल तर ४१८ म्हणजे जो तपास ४१८वर उघडतो तो. मुलीचा. जुन्याने केलं असेल तर ४१८ म्हणजे जो ४१८वर मिटतो तो."

४१८वर मिटणारा तपास कोणाचा, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"बिल्ड नव्याने झालंय," सर शांतपणे म्हणाले. "नोंदवहीत आहे."

"यंत्राला विचारू या. ते सकाळी आठ-पाचलाच सांगून मोकळं झालं होतं." बाईंनी पट्टी टेबलावर पसरली. "स्वतपासणी, ओळ ३७. कोडमध्ये स्वतपासणी ३१ला उघडते आणि ३७ला मिटते. ३७वर दुसरं काही नाही, नुसता एक मिटता कंस. नव्या कंपायलरने ३१ छापलं असतं. हे यंत्र मिटत्या ओळीचा आकडा सांगतं. जुनं बिल्ड आहे. त्या दुपारी सेन्सर गप्प होता आणि अठरा वेळा वगळला गेला तो मर्यादेचा तपास, तुमचा."

"ही तांत्रिक शक्यता झाली."

"शक्यता तुम्हाला आधीच कळली होती. फाइलमधला कोड तुम्ही ४१६पासून छापलात. ४११ नको होतं. नोंदी तीन-दहापासून छापल्यात. ३७ नको होतं. एकच कापलं असतंत तर मी म्हटलं असतं, कागद वाचवला. जगात दोनच गोष्टी मुलीला निर्दोष ठरवत होत्या, आणि नेमक्या त्या दोनच कापल्या गेल्या. ज्याला उत्तर माहीत नाही त्याची कात्री इतकी नेमकी चालत नाही."

"काका?" छोटी म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "बाई, स्टँडर्डमध्ये दोन्ही बरोबर आहे, तुम्हीच म्हणालात. दोष द्यायचा तर ते वाक्य अर्धवट सोडणाऱ्यांना द्या."

"दिलाय. ते वाक्य तसंच ठेवायला हात वर करणाऱ्यांत मी होते. जेवणाची वेळ झाली होती. आम्ही म्हटलं, ओळीच्या आकड्याने कोणाचं काय बिघडतंय." त्यांनी फूटपट्टी उचलली, परत ठेवली. "माझं मी अहवालात लिहिलंय. तुमचं तुम्ही सांगा."

"मी सांगतो ते नोंदवही सांगते. मंडळ सहीवर चालतं, जिन्याच्या गोष्टींवर नाही. तिथे 'समक्ष पाहिले' लिहिलंय." आणि सरांनी ते हसू माझ्याकडे वळवलं. "काय दप्तर? पाहिलं होतंत ना?"

घड्याळात तीन-चाळीस झाले होते. निवृत्तीला माझी दोन वर्षं उरली होती. पाहिलं होतं म्हटलं की पट्टी म्हणजे यंत्राची तऱ्हा ठरली असती, कबुलीजबाब चारला रवाना झाला असता. बावीस वर्षांत माझ्या सहीला कोणी हात लावला नव्हता, आणि मला लोकांत तेवढीच एक किंमत होती.

छोटी माझ्याकडे बघत नव्हती. ती अजून काकांकडेच बघत होती, ते वळतील म्हणून.

"मी खाली गेलो नव्हतो," मी म्हणालो.

"त्या दिवशी?"

"कधीच नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. नोंद खालून लिहून यायची, मी सही करायचो. परवा बाईंबरोबर उतरलो तेव्हा जिन्याला पायऱ्या किती हेही मला माहीत नव्हतं."

दारापाशी भट्टी एकदम बोलला, जणू कोणीतरी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "जुन्यावरच भाजायचो, बाई. दोन वर्षं. सर म्हणाले, इशारे निस्तरायला सहा महिने जातील, कागदावर नवा लिही. मी लिहिलं. नव्याचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही."

सरांचं हसू गेलं. त्याखालचा माणूस इतका दमलेला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"सत्तर घरं आहेत या कंपनीवर," ते म्हणाले. "परवाना माझ्या नावावर आहे. मी गेलो तर सगळं गेलं. ती तेवीस वर्षांची आहे. दोन-चार वर्षांत सावरली असती. मी सांभाळलंच असतं तिला. आजवर सांभाळलंच ना?"

छोटी रडली नाही. तिने फूटपट्टी आपल्याकडे ओढली, ४१८खाली ठेवली आणि बोटाने पुढच्या ओळी मोजल्या.

"बाई, काकांचा तपास वगळला की यंत्र थेट नवी फेरी सुरू करतं."

"हो."

"म्हणजे माझा तपास चाललाच नाही. अठरा वेळांत एकदाही यंत्र तिथवर पोचलंच नाही."

"नाही."

"पोचलं असतं तर?"

बाईंना खोटं बोलायची सवय नसावी. त्यांनी थोडा वेळ घेतला, पण जमलं नाही.

"मोटर वेगात फिरत होती. तुझा तपास बरोबर लिहिलेला आहे. पहिल्याच मिनिटात यंत्र थांबलं असतं."

७

निकाल सात आठवड्यांनी लागला. छोटी निर्दोष. सरांना कडक समज, आणि वर्षभर परवान्यावर दुसऱ्याचं नाव. ते नाव सरांच्या पत्नीचं. भट्टीची बदली वरच्या मजल्यावर, जिथे भाजण्यासारखं काही नाही. देखरेखीतल्या गंभीर हलगर्जीबद्दल दप्तरप्रमुखाला सेवेतून कमी करण्यात येत आहे. शब्द योग्य आहेत. मी असतो तर "गंभीर"च्या जागी "नियमित" लिहिलं असतं.

बाईंनी समितीला पत्र लिहिलं, ते वाक्य पूर्ण करा म्हणून. पुढच्या बैठकीत विचार होईल, असं उत्तर आलं.

कंपनीनेही एक सुधारणा केली. साठ ओळींचा नियम आता ऐंशी ओळींचा आहे.

माझ्या शेवटच्या दिवशी सकाळी छोटी आली. दुसरीकडे नोकरी शोधतेय म्हणाली, कोड नको, काहीही चालेल. जिन्यात काका भेटले होते. "घरी ये जेवायला, काकू वाट बघतेय," म्हणाले. ती बरं म्हणाली आणि वर आली. जाणार का, ते मी विचारलं नाही.

"मामा, माझा तो कागद द्या ना."

कुठला, ते विचारायची गरज नव्हती. मी फाइल काढली. बावीस वर्षांत माझ्या फाइलमधून एक कागद बाहेर गेलेला नाही, आणि हा तर आता मंडळाच्या मोहरेखाली होता. मला देता येत नव्हता. मी तिला तो नुसता दाखवला. तारीख, खाली नाव, आणि सगळ्यावरून तिरका, जांभळ्या शाईत, मीच मारलेला "रद्द"चा शिक्का.

तिने खाली वाकून वाचलं. सगळी पाच वाक्यं, सावकाश, बोट फिरवत. माणूस माझ्या चुकीने गेला, इथे बोट थांबलं.

"रद्द केलेलं वाचता येतं का हो अजून?"

मी फाइल मिटली.

"येतं," मी म्हणालो.